काटा ७६० ला जाणार नाही

बेदाण्याचा हंगाम लागला की ओलावा मोजायला तासगावकडची सॅम्पलं सुरू होतात आणि सांगलीतल्या आमच्या लॅबचा व्हॅक्यूम ओव्हन थंड व्हायचं नाव घेत नाही. दर वर्षी नवीन पोरगं विचारतंच, "मॅडम, साध्या ओव्हनमध्ये १०५ अंशाला ठेवलं तर?" ठेव की! पाण्याबरोबर साखरही करपेल, आणि ती घट तू ओलावा म्हणून लिहिशील. व्हॅक्यूम ओव्हनमधली हवा काढून आतला दाब १०० मिलिमीटरवर (पाऱ्याच्या) आणला की पाणी ५२ अंशांच्या आसपासच उकळतं. म्हणून आमचं ठरलेलं: ७० अंश, ६ तास.

बेदाणा बारीक करून, धुतलेल्या कोरड्या वाळूत कालवून डिशमध्ये पातळ पसरा. डिश थेट शेल्फवर टेकली पाहिजे. खाली कागद घालू नका. आत हवा नसली की उष्णता पोचते ती मुख्यतः शेल्फच्या धातूतूनच. डिशचं झाकण बाजूला ठेवा. अल्कोहोल, अ‍ॅसिटोन लागलेलं काहीही आत नको, यावर माझ्याशी वाद घालायचा नाही.

दार लावण्याआधी गॅस्केट, म्हणजे दाराभोवतीची रबरी पट्टी, पुसा, काचेवर चरा दिसतो का बघा, गॉगल घाला. ३० बाय ३० सेंटिमीटरच्या दारावर बाहेरची हवा साडेसातशे किलोच्या आसपास रेटत असते. काच फुटली तर आत ओढली जाऊन तुकडे उडतात.

पंप सुरू करून व्हॉल्व्ह हळूहळू उघडा, नाहीतर सॅम्पल फसफसून डिशबाहेर येतं. आता गेज. आमचं काट्याचं गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत आकडा दाखवतं, आणि सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर असल्यामुळे इथल्या हवेचा दाबच ७१० च्या जवळपास; ७६० असतो तो समुद्रसपाटीवर. आत १०० हवे असतील तर काटा ६१० वर आला की झालं. काटा ७६० ला जात नाही म्हणून पंप खोलून बसलेला माणूस मी पाहिलाय. ती मीच होते, नोकरीच्या पहिल्या वर्षी.

बंद करताना क्रम चुकवू नका. आधी ओव्हनकडचा व्हॉल्व्ह बंद, मग पंपाच्या बाजूला थोडी हवा सोडायची, मग पंप बंद. एकदा दुपारी अचानक लाईट गेली, मी जेवायला गेले होते. परत येते तर पंपाचं तेल नळीतून ओव्हनच्या तोंडाशी आलेलं. सॅम्पल गेलं, अख्खी संध्याकाळ नळी धुण्यात गेली. तेव्हापासून मध्ये एकतर्फी व्हॉल्व्ह बसवलाय.

ओव्हनमध्ये हवा सोडायची ती ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलमधून, सावकाश. दार आपणहून सैल होईपर्यंत हँडल ओढू नका. मग झाकण लावून डिश डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणारं बंद भांडं), थंड झाल्यावरच वजन. आणि पंपाचं तेल ताकासारखं पांढुरकं दिसलं तर त्यात पाणी गेलंय, त्याच दिवशी बदला.