तीन पिढ्यांनी एकमेकींची गाणी कशी ऐकावीत

कोथरूडच्या आमच्या घरात आई 84 वर्षांची, मी 60ची आणि भाची 17ची. दर रविवारी दुपारच्या चहानंतर तिघी एकेक गाणं लावतो. घडी बसायला वर्ष गेलं, म्हणून लिहितेय.

लावणारीने गाण्याचं कौतुक करायचं नाही. पहिल्यांदा कुठे ऐकलं, एवढंच सांगायचं. आईने गीतरामायण लावलं तेव्हा म्हणाली, घरी रेडिओ नव्हता, शेजारच्यांच्या उंबऱ्यात बसून ऐकायचो. 1955 साली पुणे आकाशवाणीवर ते सुरू झालं. आठवड्याला एकच नवं गाणं, अशी 56. "आजी, पुढच्या गाण्यासाठी अख्खा आठवडा थांबायचात?" भाचीने तीनदा विचारलं. मग तीही डोळे मिटून ऐकत बसली.

भाचीने एमसी स्टॅन हा रॅपर लावला, तर मला अक्षरही कळेना. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये वेग 0.75 करा, शब्द सुटे होतात. आईसारखं कमी ऐकू येत असेल तर मोबाइलवर भागत नाही, टीव्हीला जोडा. प्रत्येक गाणं दोनदा लावा. पहिल्या खेपेला नुसता ठेका लक्षात येतो. शिव्या असतील तर आधीच सांगावं. आई त्यासाठी उठून जात नाही, कोण कुणाला देतोय ते विचारते.

गाणारा कुठला, हे मात्र जरूर विचारा. एमसी स्टॅन आपल्या पुण्यातल्याच ताडीवाला रोडचा, हे ऐकताच आई सावरून बसली. तिचे मामा त्याच भागात रेल्वे क्वार्टरमध्ये राहायचे. अर्धा तास ती तिथल्या गल्ल्या सांगत होती आणि भाची मोबाइलवर नकाशा उघडून शोधत होती. माझ्या मते त्या वर्षातला आमचा सगळ्यात चांगला रविवार तो.

"आमच्या वेळी असं नव्हतं" आणि "तुला नाही कळणार, आत्या" ही दोन वाक्यं घरात बंद आहेत.

मधल्या पिढीने स्वतःची पाळी सोडू नये. मी सोडली होती. दोघींची दुभाषी होऊन बसले. शेवटी भाचीनेच टोकलं. मग माळ्यावरच्या कॅसेटी काढल्या, रेडिओवरून टेप केलेल्या, निवेदकाच्या आवाजासकट. गाण्याआधीचं ते निवेदनच तिला जास्त आवडलं.

कुणी काय लावलं ते वहीत लिहितो. पुढच्या रविवारी पहिली पाळी आईची. तिने भाचीकडून एक रॅप मागून घेतलाय, कुठला ते दोघी मला सांगत नाहीत.