टीएच्या जवानाने आजारपणाची डिसॅबिलिटी पेन्शन कशी मिळवावी

टेरिटोरियल आर्मीत, म्हणजे आपल्या भाषेत टीएत, नोकरी केलेली माणसे महाराष्ट्रात गावोगाव आहेत. एरवी शेती, कारखाना, सरकारी खाते सांभाळायचे आणि देशाने हाक मारली की गणवेश चढवायचा. ही फौज १९४८ च्या कायद्याने उभी राहिली आणि १९६२, १९६५, १९७१ च्या लढायांत तिने आपला वाटा उचलला. गोळी लागून परतलेल्या जवानाचा कागद एक वेळ लवकर हलतो. थंडीने, धुळीने, उंचीने किंवा ताणाने आजार घेऊन आलेल्या माणसाला मात्र "हा तुमचा घरचा आजार" असे सांगून परत पाठवले जाते. त्यातच "तुम्ही टीएचे, तुम्हाला पेन्शन नाही" हे वाक्य कोणीतरी ऐकवतेच.

ते वाक्य चूक आहे. सैन्याच्या पेन्शन नियमावलीत (१९६१ ची आवृत्ती, नियम २९२) टीएच्या जवानाला नियमित सैन्याचेच पेन्शन नियम लागू केले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२१ रोजी 'पानी राम विरुद्ध भारत सरकार' या निकालात ते स्पष्टपणे मान्य केले. निकाल देणाऱ्या दोन न्यायमूर्तींपैकी एक आपल्या अमरावतीचे भूषण गवई होते. त्या जवानाकडून भरतीच्या वेळी "मी वाढीव पेन्शन मागणार नाही" असे लिहून घेतले होते. असे लिहून घेतलेले बंधन जवानावर चालणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. तुम्हीही असा कागद सही करून दिला असेल, तर घाबरून मागे फिरू नका.

आधी तीन गोष्टी तपासा

पहिली: आजार सुरू झाला किंवा वाढला तेव्हा तुम्ही एम्बॉडी होता का, म्हणजे बोलावणे येऊन प्रत्यक्ष सेवेत होता का? दुसरी: तो आजार सेवेमुळे झाला, किंवा आधीचा असला तरी सेवेमुळे बळावला, असे म्हणता येते का? "बळावला" एवढेही पुरते, हे अनेकांना माहीतच नसते. तिसरी: मेडिकल बोर्डाने, म्हणजे सैन्याच्या डॉक्टरांच्या मंडळाने, अपंगत्व २० टक्के किंवा त्याहून अधिक धरले आहे का? बोर्डाने १५ ते १९ टक्के लिहून ठेवले, पण त्याच आजारावरून तुम्हाला बोर्डआउट केले, म्हणजे वैद्यकीय कारणाने सेवेतून काढले असेल, तर २०१४ चा 'सुखविंदर सिंग' निकाल तुमच्या बाजूने आहे. बोर्डआउट करण्याइतके अपंगत्व २० टक्क्यांवर आहे असेच धरावे, असे तो सांगतो.

साध्या पेन्शनला जवानासाठी १५ वर्षांची सेवा लागते. डिसॅबिलिटी पेन्शनला ती अट नाही.

आणखी एक. आजारासाठी 'वॉर इंज्युरी पेन्शन' मागत बसू नका. ती मुख्यतः लढाईतल्या जखमांसाठी असते. खडतर हवामानात, धोक्याच्या कामात सतत राहून जडलेला आजार संरक्षण मंत्रालयाच्या ३१ जानेवारी २००१ च्या पत्रातल्या 'ब' वर्गात येतो. त्याच वर्गाखाली मागणी करा. चुकीच्या वर्गाखाली केलेला अर्ज नाकारणे सोपे असते, आणि त्यात वर्ष निघून जाते.

कागद गोळा करा

मी हे माझ्या मामाच्या फाइलवरून शिकले. मामा साखर कारखान्यात फिटर होता. डिसेंबर २००१ मध्ये ऑपरेशन पराक्रमसाठी बोलावणे आले आणि तो राजस्थानच्या सीमेवर गेला. दहा महिने धूळ, रात्रीची थंडी, तंबूतला मुक्काम. परतला तो दमा घेऊनच. २००६ मध्ये त्याला बोर्डआउट केले, २००७ मध्ये पेन्शन नाकारल्याचे पत्र आले. ते पत्र त्याने ट्रंकेत, मामीच्या लग्नातल्या शालूखाली ठेवले आणि कोणालाच दाखवले नाही. आम्हाला ते २०१५ मध्ये सापडले.

मेडिकल बोर्डाचा जो कागद असतो, एएफएमएसएफ-१६, तो हातात घेऊन नीट वाचा. आजाराच्या नावापुढे तीन प्रश्न असतात: सेवेमुळे झाला का, सेवेमुळे बळावला का, सेवेशी संबंध नाही का. मामाच्या कागदावर पहिल्या दोन रकान्यांत 'नो' आणि शेजारी टाइप केलेली चार अक्षरे: एनएएनए. सेवेमुळे झाला नाही, बळावलाही नाही, असा त्याचा अर्थ. खाली कारण एकाच ओळीत: आजाराची सुरुवात शांततेच्या ठाण्यावर, म्हणजे सीमेपासून दूरच्या छावणीत. निदान जिथे झाले ते रुग्णालय शांततेच्या ठाण्यावर होते, म्हणून आजारही तिथलाच धरला होता. सीमेवर एमआय रूममध्ये, म्हणजे तुकडीच्या दवाखान्यात, त्याने कितीदा सिक रिपोर्ट केला होता, ते कोणी पाहिलेच नव्हते.

तुमच्या कागदावरही हीच ओळ शोधा. पुढचे सगळे भांडण त्या एका ओळीशी आहे.

हे कागद तुमच्याकडे नसतील तर माहिती अधिकारात मागा. अर्ज तुमची बटालियन ज्या रेजिमेंटशी जोडलेली आहे तिच्या रेकॉर्ड ऑफिसच्या माहिती अधिकाऱ्याला करायचा. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे. सोबत दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर आणि ओळखपत्राची प्रत जोडा. अर्जात सैनिक क्रमांक ठळक लिहा आणि पुढील गोष्टी नावानिशी मागा: भरतीच्या वेळची वैद्यकीय तपासणी, सेवेतले सगळे मेडिकल बोर्ड (एएफएमएसएफ-१५ आणि १६), रुग्णालयात दाखल झाल्याच्या नोंदी, एम्बॉडिमेंट आणि बदल्यांच्या पार्ट टू ऑर्डरी (सेवेतल्या बदलांचे नोंदआदेश), आणि पेन्शन नाकारल्याचे पत्र. "माझी सगळी कागदपत्रे द्या" असे मोघम लिहिले तर मोघमच उत्तर येते. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर अपील करा.

पार्ट टू ऑर्डर हा सगळ्यांत मोलाचा कागद. तुम्ही कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत फील्ड भागात, म्हणजे सीमेवरच्या किंवा खडतर तैनातीत, होता, हे तो सांगतो. आजाराच्या पहिल्या नोंदीची तारीख त्याच्या शेजारी ठेवा. मामाच्या बाबतीत दम्याची पहिली नोंद फील्डमधल्या मुक्कामात, नवव्या महिन्यातली निघाली.

वेळ मात्र घालवू नका. पेन्शन नसलेल्या जवानाची कागदपत्रे २५ वर्षांनी नष्ट केली जातात. ज्यांची सेवा संपून तेवढी वर्षे होत आली आहेत त्यांनी आजच अर्ज टाकावा.

अपील लिहा

नकारपत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत पहिले अपील करायचे. तेही फेटाळले तर पुढच्या सहा महिन्यांत दुसरे. दोन्ही अर्ज रेकॉर्ड ऑफिसमार्फत जातात. हिंदीत किंवा इंग्रजीत लिहा, रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा आणि पावती फाइलला टाचा.

अपिलात रडगाणे नको, घरची गरिबीही नको. मुद्दे चारच आणि या क्रमाने:

"भरतीच्या वेळी मी पूर्ण निरोगी होतो, कोणताही आजार नोंदलेला नाही. या तारखेपासून या तारखेपर्यंत मी या ठिकाणी सेवेत होतो, पार्ट टू ऑर्डर जोडली आहे. आजाराची पहिली नोंद या तारखेची आहे. मेडिकल बोर्डाने आजार सेवेशी संबंधित नसल्याचे कोणतेही सबळ कारण दिलेले नाही."

हा शेवटचा मुद्दा सगळ्यांत जड आहे. १९८२ च्या हक्क नियमांनुसार (पेन्शनचा हक्क ठरवणारे नियम) भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार सेवेतच झाला असे धरले जाते. आजार सेवेमुळे झाला हे सिद्ध करण्याचा बोजा जवानावर नाही आणि संशयाचा फायदा जवानाला मिळतो. सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ च्या 'धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार' या निकालात हेच सांगितले: संबंध नाही असे म्हणायचे असेल तर बोर्डाने कारणे लिहिली पाहिजेत. "कारणे" या शब्दाखाली अपिलात रेघ ओढा.

तुमची सेवा २१ सप्टेंबर २०२३ नंतर संपली असेल तर नवे हक्क नियम लागू होतात. तेव्हा जुन्या नियमांचा हवाला तसाच उतरवू नका, नवे नियम वाचून लिहा.

तरीही नाही म्हटले तर

सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे जा. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातसाठी त्याचे खंडपीठ मुंबईला आहे. अंतिम नकारापासून सहा महिन्यांची मुदत असते. उशीर झाला असेल तर कारण देऊन तो माफ करण्याची विनंती करता येते, आणि पेन्शनच्या बाबतीत ती बऱ्याचदा मान्य होते, कारण न मिळालेली पेन्शन हा दर महिन्याला नव्याने होणारा अन्याय आहे.

पण उशिराची किंमत मोजावी लागते. २००८ च्या 'तरसेम सिंग' निकालापासून थकबाकी साधारणपणे अर्जाआधीच्या तीन वर्षांचीच मिळते. मामाला पेन्शन मिळाली, पण ट्रंकेतल्या वर्षांतली बहुतेक रक्कम गेली ती गेलीच. त्याच वर्षांत त्याने दम्याचे पंप उधारीवर घेतले होते. म्हणूनच सांगते, ज्यांच्या घरी असे पत्र पडून आहे त्यांनी आज ते बाहेर काढावे.

वकिलाची फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागा. अपंग व्यक्तीला तो हक्क १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ ने दिला आहे. अर्ज कुठे द्यायचा ते तुमच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा.

मंजुरीनंतर

पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, हातात आला की टक्केवारी तपासा. जुन्या नियमांत ५० टक्क्यांखालचे अपंगत्व ५० धरतात, ५० ते ७५ मधले ७५ आणि त्यावरचे १००. पूर्ण १०० टक्के अपंगत्वाला अपंगत्वाचा हिस्सा शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के असतो. म्हणजे ५० टक्क्यांना वेतनाच्या १५ टक्के, आणि वेतन ३०,००० असेल तर महिन्याला ४,५०० रुपये. सेवेचा हिस्सा याहून वेगळा, तोही पीपीओत दिसतो का पाहा. मामाच्या पीपीओत आधी ३० टक्केच लावले होते. ते ५० करून घ्यायला आणखी एक अर्ज आणि सात महिने लागले.

नंतर संरक्षण खात्याच्या 'स्पर्श' या पेन्शन पोर्टलवर खाते उघडा, हयातीचा दाखला दरवर्षी वेळेत भरा, आणि तोच पीपीओ घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माजी सैनिकाच्या ओळखपत्राचा अर्ज करा. सेवेमुळे आलेल्या अपंगत्वाची पेन्शन घेणारा टीएचा जवान माजी सैनिक ठरतो. खिडकीवर कोणी "टीए का?" असे विचारले तर पीपीओची प्रत पुढे करा.