सायमन आर्मिटेज यांच्या निवडक कविता कशा वाचाव्यात

इंग्रज कवी सायमन आर्मिटेज यांच्या १९८९ ते २०१४ या काळातील निवडक कवितांचा ‘पेपर एरोप्लेन’ हा संग्रह हाती आल्यावर पहिल्या पानापासून क्रमाने निघण्यापेक्षा, कोणीतरी समोर बसून बोलत असल्याचा भास देणारी एखादी कविता आधी मोठ्याने वाचावी. ‘किड’ या कवितेपासून आरंभ करणे सोयीचे ठरते. बॅटमॅनच्या सावलीत वाढलेला रॉबिन तिथे त्यालाच खडे बोल सुनावतो, आणि प्रत्येक ओळ ‘-अर’ या आघातहीन उच्चारावर संपत असल्यामुळे डोळ्यांतून निसटणारी गंमत कानाला तत्काळ कळते.

त्यानंतर चरित्राकडे वळावे. १९६३ साली जन्मलेले आर्मिटेज वेस्ट यॉर्कशायरमधील मार्सडेन या गावात वाढले, पोर्ट्समथला भूगोल शिकले आणि पुढे ग्रेटर मँचेस्टरमध्ये प्रोबेशन अधिकारी (तुरुंगाबाहेर ठेवलेल्या गुन्हेगारांवर देखरेख करणारे) झाले, ‘झूम!’ हा १९८९ चा संग्रह याच नोकरीच्या काळातला आहे. या तपशिलांचा उपयोग कवितांमध्ये कबुलीजबाब शोधण्यासाठी करू नये. शिकवणीच्या टिपांमध्ये ही चूक हटकून आढळते. वाटेत फुकट गाडी मागणाऱ्या ‘हिचहायकर’ला गाडीत घेऊन त्याच्यावर हल्ला करणारा आणि पुन्हा हवापाण्याच्या गोष्टींवर येणारा ‘हिचर’ या कवितेतील ‘मी’ म्हणजे कवी नव्हे. प्रत्येक कवितेला तीन प्रश्न विचारावेत: बोलतो कोण, कोणाशी, आणि काय दडवतो? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा शब्दांत सापडत नाही, तर बोलण्याच्या थंडपणात सापडते. ‘रिमेन्स’मधील सैनिकाचे बोलही असेच ऐकावेत, मात्र त्यामागे इराकमधील बसरा येथे लढलेल्या एका ब्रिटिश सैनिकाचा खरा अनुभव आहे, हे तिथे विसरू नये.

निवडक संग्रहाची एक अडचण अशी की त्यात मालिका तुटू शकतात. ‘बुक ऑफ मॅचेस’ (१९९३) या संग्रहात आगपेटीची एक काडी जळेपर्यंत वाचून संपावे अशा बेताने रचलेली तीस सुनीते आहेत. ती मूळ संग्रहातून सलग वाचावीत. (काडी पेटवण्याचा मोह आवरावा, घड्याळ पुरते.) ‘सीइंग स्टार्स’मधील गद्यकविता मात्र नंतरसाठी ठेवल्या तरी चालतील.

चौदाव्या शतकातील ‘सर गवेन अँड द ग्रीन नाइट’ या काव्याचे त्यांनी २००७ मध्ये केलेले भाषांतर वाचताना यमक शोधू नये, तर एकाच ओळीत पुनःपुन्हा आदळणारी व्यंजने ऐकावीत. हा कान तयार झाल्यावर त्यांच्या स्वतःच्या ओळींकडे परतले म्हणजे उत्तर इंग्लंडच्या बोलीचा ठेका वेगळा काढून दाखवावा लागत नाही.

२०१९ साली ब्रिटनचे राजकवी झाल्यानंतरच्या अनेक कविता प्रसंगानुरूप असल्याने त्या ज्या घटनेवर लिहिल्या आहेत तिची माहिती घेऊनच वाचाव्यात. ज्यांना प्रत्यक्ष जाणे शक्य असेल, त्यांनी मार्सडेन ते इल्क्ली या डोंगराळ वाटेवर दगडांत कोरलेल्या, पाण्याच्या निरनिराळ्या रूपांवरील त्यांच्या कविता पाहाव्यात, आणि पाऊस आलाच तर छत्री मिटूनच वाचाव्यात.