मूल माती, खडू किंवा भिंतीचे पोपडे खात असेल तर

पलंगालगतची भिंत मुलाचा हात पोहोचेल तेवढीच खरवडलेली दिसणे, नखांत पांढरी भुकटी सापडणे, पाटीवरच्या पेन्सिलींचा डबा चार दिवसांत रिकामा होणे, या खुणा मुलावर ओरडण्याआधी नीट पाहाव्यात. मुंबईतल्या जुन्या चाळींत पावसाळ्यात भिंती ओल धरतात, त्यामुळे मुलाला पोपडे शोधावेही लागत नाहीत.

दोन वर्षांखालील मूल हाताला येईल ते तोंडात घालतेच. त्याहून मोठे मूल महिनाभर सातत्याने अखाद्य वस्तू खात असेल, तर त्यास ‘पायका’ म्हणतात. अशा वेळी ‘कॅल्शियम कमी पडले’ असे म्हणून घरोघरी कॅल्शियमची बाटली आणली जाते. प्रत्यक्षात या सवयीशी अधिक जवळचा संबंध लोहाच्या आणि काही वेळा जस्ताच्या कमतरतेचा आहे, शिवाय सोबत दिलेले कॅल्शियम लोहाचे शोषण कमी करते.

बालरोगतज्ज्ञांकडे किंवा महापालिकेच्या दवाखान्यात सीबीसी म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीबरोबर फेरिटिनची, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी, तपासणी करण्याविषयी विचारावे. दोन ते पाच वर्षांच्या मुलात हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास तो रक्तक्षय समजतात. परंतु शरीरातील लोहाचा साठा आधी संपतो आणि हिमोग्लोबिन नंतर उतरते, म्हणून केवळ हिमोग्लोबिन ठीक आहे एवढ्यावर निश्चिंत होऊ नये. ताप किंवा संसर्ग असताना फेरिटिन फसवे वाढते, तेव्हा मूल बरे झाल्यावर तपासणी करावी. मूल भिंतीचा जुना रंग खात असेल, ज्यात शिसे असू शकते, तर रक्तातील शिशाची तपासणीही मागावी, कारण लोह कमी असलेले शरीर शिसे अधिक शोषते. मातीतून जंत होतात, त्यांचेही औषध डॉक्टरांना विचारून द्यावे.

लोहाचे औषध वजनानुसार ठरते. ते दूध किंवा चहाबरोबर न देता लिंबूपाण्याबरोबर द्यावे. शौचाचा रंग काळपट झाला तरी घाबरू नये. माती खाण्याची ओढ पुष्कळदा काही आठवड्यांतच ओसरते आणि नेमके तेव्हाच पालक औषध थांबवतात, परंतु साठा भरण्यासाठी ते पुढेही काही महिने घ्यावे लागते. सकाळच्या चहा-बिस्किटांऐवजी अळिवाचा लाडू, चवळीची उसळ, चालत असल्यास कलेजी द्यावी, आणि दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत ठेवावे.

तपासण्या ठीक असूनही सवय टिकली, तर मुलाच्या विकासाची तपासणी करून घ्यावी. औषधाची बाटली मात्र कपाटात वर, कुलपात ठेवावी: गोड लागते म्हणून मुलाने ती संपवली, तर लोहाची विषबाधा जिवावर बेतू शकते.