फोडणीच्या भातासाठी भात ठेवताना

रात्रीचा भात कुकरच्या भांड्यातच झाकून ओट्यावर ठेवायचा आणि सकाळी फोडणीला टाकायचा, ही सवय सोडा. तांदळात बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. शिजवल्यावरही ते सगळे मरतीलच असं नाही. भात तासन्‌तास कोमट राहिला की जिवाणू वाढतात आणि विष तयार करतात. खरी गोम इथेच आहे: उलट्या घडवणारं हे विष उष्णतेला दाद देत नाही. सकाळी भात कितीही खमंग परता, ते जात नाही. वासावरूनही कळेलच असं नाही.

म्हणून जेवणं उरकली की उरलेला भात परातीत पातळ पसरा. भांड्यात दाबून बसलेल्या भाताचा मधला गोळा बराच वेळ गरम राहतो, डाव घालून बघा. वाफ गेली की डब्यात भरून फ्रीजमध्ये, शिजल्यापासून दोन तासांच्या आत. मे महिन्यात तासाभरातच. फ्रीज 5 अंशांच्या खाली हवा. दुसऱ्या दिवशी लागेल तेवढाच काढा, चांगली वाफ येईपर्यंत परता, पुन्हा ठेवू नका. रात्रभर बाहेर राहिलेला भात मात्र टाकायचाच. जिवावर येतं, मान्य! पण दहीभातातही तो ढकलू नका.