तिथीची पाऊणपट: चौथीच्या गणितात अल्गोरिदम

आमच्या शाळेत संगणक आहे, पण पावसाळ्यात वीज असेल तर. त्यामुळे चौथीला अल्गोरिदम, म्हणजे काम पायरीपायरीने करायची ठरलेली रीत, मी तिथीच्या कॅलेंडरावरून शिकवते.

किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायची रीत घरोघरच्या आजोबांना ठाऊक असते: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला भरती साधारण तीनला, दुपारी आणि रात्रीही. अष्टमीला सहाला. दोन्ही पक्षांत हिशेब तोच, पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे. मुलांना आधी ही रीत घरून विचारून आणायला सांगा.

वर्गात ती पायऱ्या पाडून लिहायला लावा आणि एका मुलाला ‘यंत्र’ करा. लिहिलंय तेवढंच त्याने करायचं, डोकं चालवायचं नाही. (खोडकर मुलगा निवडा, तो हे काम मन लावून करतो.) मुलं लिहितात, ‘तिथी बघ. पाऊणपट कर.’ यंत्र म्हणतं, “चतुर्थीची पाऊणपट कशी करू?” मग नावाचा अंक करायची पायरी वाढते. उत्तर तासांत की मिनिटांत, हेही लिहावं लागतं. इथे घाई करू नका, अर्धा तास गेला तरी चालेल.

पुढे फळ्यावर १ ते १५ तिथींचा तक्ता करा. दर ओळीला ४५ मिनिटं वाढतात, म्हणजे तीच पायरी पुन्हा पुन्हा. हा झाला लूप. पंधराव्या ओळीला ११:१५ येतात. त्याखाली पुन्हा प्रतिपदा लिहा, १२:४५. आता गप्प बसा. दर तिथीला पाऊण तास सरकणारी भरती इथे एकदम दीड तास का उडाली, हे कुणीतरी विचारतंच.

चूक मुलांनाच शोधू द्या. पंधरा तिथींत भरतीची वेळ १२ तास पुढे जाऊन पुन्हा जागेवर यायला हवी. ७२० मिनिटं भागिले १५, म्हणजे ४८. पंचेचाळीसच्या जागी ४८ घातले की पौर्णिमेला बरोबर १२ येतात. हेच डीबगिंग. आजोबा चुकले असं मात्र म्हणू देऊ नका. पाऊणपट तोंडी होते, आणि होडी काढायला तेवढा अंदाज पुरतो. पडताळा घ्यायचा तर घरच्या मोठ्यांकडून वेळा लिहून आणू द्या, मुलांना एकटं पाण्याकडे पाठवू नका. खाडीत आत राहणाऱ्यांच्या वेळा उशिराच्या येतील, कारण भरती तिथे उशिरा पोचते.

कमी पायऱ्यांत उत्तर कसं काढायचं, हे विज्ञानाच्या तासाला दाखवता येतं. बांगडा, पापलेट, सुरमई, मोरी (शार्क), कोळंबी, कुर्ली (खेकडा), तिसरी आणि कालव (दोन्ही शिंपल्यांतले जीव) अशा आठ चिठ्ठ्या करा. एकाने मनात एक धरायचं, बाकीच्यांनी फक्त हो-नाहीचे प्रश्न विचारायचे. नुसती नावं विचारत गेलं तर सात प्रश्न लागू शकतात. ‘पाठीचा कणा आहे का?’ विचारलं की आठाचे चार उरतात, ‘पाय आहेत का?’ने कणा नसलेल्यांतले दोन. कोळंबी की कुर्ली उरली तर ‘आडवी चालते का?’ म्हणजे तीन प्रश्नांत निकाल. ‘चवीला चांगलं असतं का?’ हा प्रश्न बाद, उत्तर घरागणिक बदलतं. मोरीवर वाद होईल, कारण ताटात तिला काटे लागत नाहीत. कणा तिलाही असतो, फक्त कूर्चेचा, म्हणजे कानाच्या पाळीवरच्या लवचीक भागासारखा, हे तेव्हाच सांगून टाका.