लेखाचा मथळा पक्का करण्याआधी काय काय तपासायचं

आधी लेख पूर्ण लिहून झालेला हवा. मध्येच मथळा सुचला तर टिपून ठेवा, पण त्यात अडकू नका. मग एका वाक्यात लिहा, हा लेख वाचून कोणाला काय करता येईल. ते वाक्य जमत नसेल तर अडचण मथळ्याची नाही, लेखाची आहे. तिकडे परत जा.

एक गोष्ट आत्ताच, कारण शेवटच्या घाईत नेमकी हीच राहते. मथळा चार ठिकाणी असतो : पानावर, गूगलच्या निकालात दिसणारा मथळा भरायच्या वेगळ्या चौकटीत, व्हॉट्सअ‍ॅप-फेसबुकवर लिंकसोबत दिसणाऱ्या कार्डात आणि खुद्द लिंकमध्ये. मथळ्याला हात लावला की चारही बघायचे. एक शब्द बदललात तरी चारही.

आता शब्द. गूगलच्या शोधपट्टीत विषयाचे दोन शब्द टाका आणि खाली येणाऱ्या सूचना वाचा. दाढ ठणकणारा माणूस ‘दंतविकारांवरील उपचार’ असं शोधत नाही, ‘दाढ दुखते उपाय’ असं टाकतो. मथळ्यात त्याचा शब्द घ्या, तुमचा नको.

मग निदान दहा मथळे लिहाच. पहिले तीन-चार सगळ्यांनाच सुचतात. ‘एक दृष्टिक्षेप’, ‘काळाची गरज’, ‘महत्त्व आणि उपयोग’ ही शेपटं आधी छाटा. ‘घरगुती कंपोस्ट : महत्त्व आणि पद्धती’ यात वाचकाची अडचण कुठेच नाही. ‘कंपोस्टच्या डब्याला वास येतोय? सुकी पानं कमी पडतायत’ यात अडचण आहे आणि उत्तराची दिशाही. उत्तर मथळ्यातच फोडलं तर लेख कोण उघडेल, ही भीती सोडा. पानं किती घालायची, कधी घालायची, तरी वास गेला नाही तर काय, यासाठी लेख उघडावाच लागतो.

‘हे’ लपवणारे मथळे नकोत. ‘रोज सकाळी फक्त हे करा’ यातलं ‘हे’ म्हणजे काय ते सांगायला काय हरकत आहे? फेसबुकने २०१४ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये, माहिती दडवून क्लिक ओढणारे मथळे खाली ढकलणार असल्याचं जाहीर केलं होतं. वाचक तर त्याहून लवकर विटतात. प्रश्नार्थक मथळा चालतो, पण प्रश्न वाचकाच्या मनातला हवा. हो-नाही प्रश्न टाळा. प्रश्नचिन्हाने संपणाऱ्या मथळ्याचं उत्तर ‘नाही’ असं देता येतं, हा इयन बेटरिज या पत्रकाराचा २००९ सालचा ठोकताळा अजून लागू पडतो.

यापुढचा भाग नीट वाचा, मराठीत लिहिणाऱ्यांचं इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं. आपलं क्रियापद शेवटी येतं आणि नकारही शेवटी येतो. फोनवर मथळा कापला जातो तोही शेवटीच. ‘मधुमेहात फळं पूर्णपणे बंद करण्याची गरज नाही’ हा मथळा ‘मधुमेहात फळं पूर्णपणे बंद करण्याची…’ असा दिसला की अर्थ साफ उलटा होतो आणि कोणीतरी तेवढंच वाचून पुढे पाठवतो. ‘मधुमेहात फळं चालतात, पण किती आणि कोणती?’ असं लिहिलं तर कुठेही कापलं तरी घात होत नाही. म्हणून प्रत्येक मथळ्याचे शेवटचे दोन-तीन शब्द बोटाने झाका आणि उरलेलं वाचा. उलटा किंवा अर्धवट अर्थ निघाला तर रचना बदला. इंग्रजीसाठी सांगितली जाणारी ‘६० अक्षरां’ची मर्यादा इथे कामाची नाही. गूगल मथळा कापतं ते स्क्रीनवरची रुंदी बघून. शिवाय मोजणी करणारी साधनं काना, मात्रा, हलन्त वेगवेगळे मोजतात. ‘स्वच्छता’ आपल्याला तीन अक्षरांचा शब्द, त्यांच्या लेखी आठ.

आकडा घातलात तर लेखातले मुद्दे बोटांवर मोजा. संपादनात एक मुद्दा उडतो, सातचे सहा होतात, पानावरचा मथळा कोणीतरी सुधारतं आणि लिंकच्या कार्डावर सातच राहतात. म्हणून पुन्हा तेच सांगणं : चारही जागा. गूगलच्या किंवा कार्डाच्या चौकटीत एकदा हाताने मजकूर भरला की मूळ मथळा बदलल्यावर तो आपोआप बदलत नाही. या चौकटी उघडून डोळ्यांनी बघाव्या लागतात. ‘बहुतेक बदललं असेल’ यावर विसंबू नका.

लिंकमधला मथळ्याचा तुकडा हाताने लिहा, रोमन अक्षरांत, दोन-तीन शब्दांचा. वर्डप्रेस (ब्लॉग आणि वेबसाइट चालवायचं सॉफ्टवेअर) या तुकड्याला २०० चिन्हांची जागा देतं आणि देवनागरीचं एकेक चिन्ह त्यात नऊ जागा खातं. म्हणजे काना-मात्रा धरून जेमतेम बावीस चिन्हं बसतात आणि मराठी मथळा मध्येच तुटतो. लिंकमध्ये आकडा नको, सालही नको. पुढच्या वर्षी लेख सुधारलात तरी लिंकमध्ये जुनं साल तसंच राहील.

शुद्धलेखन, अर्थातच.

प्रसिद्ध केल्यावर लिंक लगेच गटांवर टाकू नका. आधी स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि फोनवर कार्ड बघा. कॉम्प्युटरवर बघून भागत नाही. ही पायरी कधीही गाळायची नाही, कारण एकदा गेलेल्या मेसेजमधलं कार्ड नंतर सुधारत नाही, तुम्ही पानावर काहीही बदला. फेसबुक जुना मथळा दाखवत असेल तर त्यांच्या शेअरिंग डीबगरमध्ये लिंक टाकून नव्याने वाचायला लावा. गूगल तुमचा मथळा बाजूला ठेवून पानावरच्या दुसऱ्या मजकुरातून स्वतःचा बनवू शकतं. तसं झालं तर बहुधा तुमचा फार लांब किंवा मोघम असतो.

महिन्याभराने सर्च कन्सोल उघडा (लेख गूगलच्या शोधात किती वेळा दिसला आणि किती क्लिक मिळाले ते दाखवणारं गूगलचं साधन). लेख पुष्कळांना दिसतोय पण क्लिक नाहीत, तर मथळा बदला (चारही जागा बघून!) आणि तारीख लिहून ठेवा. शोधनिकालातला सरासरी क्रमांक साधारण तोच राहिला असेल तरच आधीच्या-नंतरच्या क्लिकची तुलना करा, आणि तोवर लेखात दुसरं काही बदलू नका.